एक जूनवाले अप्पा

आमच्या मराठवाड्यात एकतीस मेच्या दुपारी कुठल्याही कचेरीत जा, हारतुऱ्यांचा खच पडलेला दिसेल. त्या एका दिवशी इतकी माणसं निवृत्त होतात की निरोपाची भाषणं करायला माणसं कमी पडतात. कारण साधं आहे. आमच्या पिढीच्या अर्ध्याअधिक लोकांचा जन्म एक जूनचा, आणि एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी घरी जातो, असा नियम आहे. आता सगळ्या आया एकाच दिवशी बाळंत झाल्या असं थोडंच आहे? ही तारीख आईनं दिलेली नाही, गुरुजींनी दिलेली आहे. पोराला शाळेत घालताना गुरुजी विचारायचे, जन्म कधीचा? आई सांगायची, पेरणीच्या वक्ताला. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, म्हणून गुरुजी एक जून लिहून मोकळे.

बसलिंगप्पा हे त्यातलेच एक. आम्ही सगळे त्यांना अप्पा म्हणायचो. मूळचे देगलूरकडचे, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, पांढरा फुल बाह्यांचा सदरा आणि खिशाला कायम दोन पेनं. नांदेडच्या आमच्या शेती संशोधन संस्थेत परदेश दौरा कक्ष नावाची एक खोली आहे, तिच्यात दोन टेबलं. एक अप्पांचं, एक माझं. संशोधक परदेशी जायचे म्हटलं की त्यांचा व्हिसाचा फॉर्म, निमंत्रणपत्र, विमा आणि तिकीट हे अप्पांचं काम. प्रवासाची आगाऊ रक्कम आणि परतल्यावरची बिलं हे माझं. बावीस वर्षांत अप्पांनी दीडशेच्या आसपास माणसं देशाबाहेर पाठवली. स्वतः मात्र त्यांनी पासपोर्टसुद्धा काढला नव्हता. कुणी छेडलं तर म्हणायचे, मला कुठं जायचंय.

माझं आणि त्यांचं फारसं पटत नसे, हे आधीच सांगते. मी तापट, आणि ते इतके थंड की माणसाचा जीव जावा. एकदा त्यांनी माझं बिल तीन वेळा परत पाठवलं, कारण टॅक्सीच्या पावतीवरची तारीख खोडलेली होती. त्यांचे दोन नियम होते आणि ते ब्रह्मदेव खाली उतरला असता तरी बदलले नसते. पहिला, जे कागदावर आहे तेच फॉर्मवर. दुसरा, जावक नंबर टाकल्याशिवाय संस्थेतून एक चिटोरंही बाहेर जाणार नाही.

या दोन्ही नियमांनी गेल्या वर्षी अप्पांना दगा दिला. ती गोष्ट मला सांगायची आहे.

राजकन्या आमच्याकडे हरभऱ्यावर संशोधन करते. हरभऱ्याचं उभं पीक वाळवणारा मर नावाचा रोग असतो, त्याला दाद न देणारं वाण शोधायचं तिचं काम. भोकर तालुक्यातल्या एका खेड्यातली मुलगी. वडील दगडोबा यांची चार एकर जमीन, आई पंचफुलाबाई अजून दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. कॅनडातल्या सस्काटून शहरातल्या एका प्रयोगशाळेनं तिला चार महिन्यांसाठी बोलावलं होतं. डाळींच्या कामात ती प्रयोगशाळा मोठी. तिथून परतल्यावर तिच्या वाणाची चाचणी आमच्या भागातल्या शेतांवर होणार होती. जाण्याचा, राहण्याचा खर्च मंजूर होता. एप्रिलअखेरपर्यंत ती निघाली नाही तर मंजुरी रद्द.

अप्पा फॉर्म भरायला बसले तेव्हा मी समोरच होते. त्या देशाच्या फॉर्मला एक जोडपत्र असतं, त्यात आईबापांची, भावंडांची नावं आणि सगळ्यांच्या जन्मतारखा लिहाव्या लागतात. राजकन्येची तारीख अर्थातच एक जून, साल पंच्याण्णव. मग धाकट्या भावाची आली. त्याचं नाव माउली, अर्धापूरहून केळी भरून जाणारी पिकअप चालवतो. त्याच्या शाळेच्या दाखल्यावर तारीख होती एकवीस ऑक्टोबर पंच्याण्णव.

राजकन्या थोडी घुटमळली. मग तिनं हळूच विचारलं, भावाचं साल दोनानं पुढं टाकू का? अप्पांनी मान वर न करता विचारलं, दाखल्यावर काय आहे? तिनं दाखला पुढं सरकवला. अप्पांनी पंच्याण्णव लिहिलं. मीही तेव्हा तिकिटाच्या दरात गुंतले होते, माझ्या डोक्यात काहीच आलं नाही. हे मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी पत्र आलं. अप्पांनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढून पुसला, आणि माझ्या टेबलावर आणून ठेवलं. व्हिसा कार्यालयानं लिहिलं होतं की अर्जदार आणि तिचा सख्खा भाऊ यांच्या जन्मात चार महिने वीस दिवसांचं अंतर दाखवलं आहे. एका आईच्या पोटी हे शक्य नाही. म्हणजे अर्जात खोटी माहिती दिली असावी. सात दिवसांत पुराव्यासह खुलासा करा. समाधान झालं नाही तर अर्ज नाकारला जाईल आणि अर्जदाराला पाच वर्षं त्या देशात प्रवेशबंदी राहील.

राजकन्येला बोलावलं. तिनं पत्र उभ्यानं वाचलं आणि खुर्चीची पाठ घट्ट धरली. रडली बिडली नाही. एवढंच म्हणाली, की एकदा खोटारडी म्हणून नाव लागलं की दुसरे देशही दार उघडणार नाहीत, त्यांच्या प्रत्येक फॉर्मवर विचारतात, कुठं नाकारलं गेलंय का. ते खरं होतं. प्रश्न चार महिन्यांच्या दौऱ्याचा राहिलाच नव्हता. तिच्या पुढच्या सगळ्या कामावर शिक्का बसणार होता.

मला भयंकर राग आला आणि तो मी अप्पांवर काढला. ती विचारत होती तेव्हा ऐकलं असतं तर काय बिघडलं असतं, तुमच्या कागदाच्या सोवळ्यापायी पोरीचं वाटोळं होतंय, असं बरंच काही बोलले.  अप्पांचे हात टेबलावर काहीतरी शोधत राहिले, जणू हरवलेलं पेन सापडलं की सगळं ठीक होणार होतं.

दुसऱ्याच दिवशी आम्ही तिघं तिच्या गावी गेलो. खरा जन्म कधीचा, हे पंचफुलाबाईंना पक्कं ठाऊक होतं. राजकन्या भूकंपाच्या आधी दोन महिने जन्मली होती. लातूरकडं जमीन हादरली त्या पहाटे भोकरपर्यंत भांडी वाजली होती आणि ही बाई दोन महिन्यांची पोर छातीशी धरून अंगणात पळाली होती. म्हणजे साल त्र्याण्णव. आणि माउली दिवाळीच्या तोंडावर, दोन वर्षांनी. माउलीची तारीख खरी होती. खोटी होती राजकन्येची. पोर घरीच झालेली, दवाखान्याचा कागद नाही. ग्रामपंचायतीत गेलो तर त्या सालांचं जन्माचं पुस्तकच कपाटात नव्हतं. कुठं गेलं ते सांगणारंही कुणी नव्हतं.

शाळेत मात्र जुनं दाखल रजिस्टर मिळालं. जून दोन हजार एकचं पान. दोघं बहीणभाऊ एकाच दिवशी पहिलीत दाखल. भाऊ लहान असताना त्याला सांभाळायला राजकन्येला घरी ठेवलं होतं, तो शाळेत जाण्याजोगा झाला तेव्हा दोघांना बरोबरच घातलं. त्या पानावर तेवीस नावं होती आणि त्यांतल्या सतरा जणांची तारीख एक जून. अप्पांनी त्या पानाची सत्यप्रत मागितली, आणि ती देताना मुख्याध्यापकबाई म्हणाल्या की यावरून तारखा अंदाजे लिहिल्यात हे दिसेल, पण का लिहिल्या ते रजिस्टर कसं सांगणार? ज्यानं लिहिलं त्यानंच सांगायला हवं. ते व्यंकट गुरुजी. निवृत्त होऊन वीसेक वर्षं झाली होती, लातुरात मुलाकडं राहत होते.

शनिवारी आम्ही लातूरची एसटी धरली. लोहा गेलं, अहमदपूर गेलं. अप्पांच्या मांडीवर कागदांची पिशवी होती. राजकन्या खिडकीबाहेर हरभऱ्याची रानं बघत होती. काढणीला आलेली, कुठंकुठं मध्येच वाळलेले पट्टे. एकदा तिनं बोट दाखवून सांगितलं, ते बघा, मर.   चार दिवस गेले होते, हातात पंचफुलाबाईंचं निवेदन आणि रजिस्टरचं एक पान सोडलं तर काही नव्हतं.

गंजगोलाई बाजाराच्या मागच्या एका गल्लीत गुरुजींचं घर होतं. ऐंशीकडं झुकलेले, वाळलेले, पण धोतर-सदरा इस्त्रीचा. भिंतीवर आदर्श शिक्षक म्हणून मिळालेलं प्रशस्तिपत्र. त्यांच्या सुनेनं चहा दिला आणि दारातच उभी राहिली. मामांना ताण सहन होत नाही, हे तिनं आल्याआल्याच बजावलं होतं.

अप्पांनी सगळं नीट समजावून सांगितलं. रजिस्टरची प्रत पुढं ठेवली. गुरुजींनी ती डोळ्यांजवळ नेली, आपलं अक्षर ओळखलं, आणि त्यांचा चेहरा घट्ट झाला. आम्हाला काय हवंय ते त्यांच्या ध्यानात आलं होतं.

"मी खोटं लिव्हलं, असं माझ्या हातानं लिहून देऊ?" ते म्हणाले. "छत्तीस वर्षं पोरांला खोटं बोलू नका म्हणून छड्या मारल्या मी."

सून लगेच मधे पडली. अशानं पेन्शन बंद झाली म्हणजे, असं तिचं म्हणणं. गुरुजींनी प्रत परत सरकवली. ते काही वाईट माणूस नव्हते, हे दिसत होतं. पण भिंतीवरच्या त्या कागदाकडं त्यांची नजर दोनदा गेली. मी विनवण्या केल्या, मग माझा आवाज चढला. या मुलीचं आयुष्य तुमच्या एका सहीवर अडलंय म्हणाले. त्यावर ते आणखीच आक्रसले. राजकन्या उठली. चला मॅडम, म्हणाली, राहू द्या.

आणि तेव्हा अप्पांनी पिशवीतून कोरा स्टॅम्पपेपर काढला. तो त्यांनी गुरुजींपुढं ठेवला नाही, राजकन्येपुढं ठेवला.

"बस. लिव्ह," ते म्हणाले. "माझं लिहून घे आधी."

त्यांनी सांगितलं आणि तिनं लिहिलं. मी बसलिंगप्पा अमुक अमुक, संस्थेत वरिष्ठ लिपिक. सदर अर्ज मी भरला. आमच्या भागात शाळेत घालताना गुरुजी अंदाजानं तारीख लिहीत, अशी रीत होती. माझी स्वतःची सेवापुस्तकातली जन्मतारीख एक जून एकोणीसशे सदुसष्ट ही याच रीतीनं लिहिलेली आहे. मी गुरं राखायला जात असल्यानं शाळेत उशिरा गेलो. माझ्या आईच्या सांगण्याप्रमाणे माझा खरा जन्म पाकिस्तानची लढाई झाली त्या साली, म्हणजे पासष्टमध्ये, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशीचा.

मी त्यांचा हातच धरला. अप्पांची निवृत्ती साडेतीन महिन्यांवर आली होती. त्यांचं सेवापुस्तक पडताळणीला गेलं होतं, तिथून पेन्शनचा आदेश निघायचा होता. अशा वेळी हा माणूस शपथेवर सांगत होता की आपण दोन वर्षं जास्त नोकरी केली. अहो, ही कागदाची कुऱ्हाड आहे, आपल्याच पायावर कशाला मारून घेताय, असं मी त्यांना सगळ्यांदेखत म्हणाले.

"मॅडम, तुम्ही माझ्यावर चिडल्या ते बराबर हाय," अप्पा म्हणाले. "पोरीनं साल बदलू का म्हणून इचारलं हुतं. खरं काय हाय, एवढंबी मी तिला इचारलं न्हाई. का सांगू? मला माझी तारीख खोटी हाय हे म्हाईत हाय. तिकडं बघायची लई भीती वाटती. म्हणून मी पासपोर्ट काढला न्हाई, त्याच्यावर तारीख खरी हाय म्हणून सही करावी लागती. कागदावर हाय तेच खरं, असं म्हणत बसलो बावीस वर्षं. माझ्या भीतीपायी हिच्या मागं लचांड लागलं."

 बावीस वर्षांत मी त्यांच्या तोंडून एवढं लांब बोलणं ऐकलं नव्हतं. ज्याला मी सोवळं म्हणत होते ती भीती होती, आणि ती आमच्या शेजारच्या टेबलावर रोज येऊन बसत होती. मला स्वतःची फार लाज वाटली.

अप्पांनी कागदावर सही केली, तो गुरुजींसमोर ठेवला, आणि म्हणाले, गुरुजी, आता तुम्ही एकटे न्हाईत.

गुरुजी बराच वेळ तो वाचत बसले. मग त्यांनी राजकन्येकडं नीट पाहिलं.

"दगडोबाची पोरगी ना तू? हात डोक्यावरून नेऊन कान धरायला लावायचो मी. कानाला हात पुरला की सहा वर्षं पुरी. भावाचा पुरंना, तर तू त्याचं कोपर धरून वर वढलं हुतंस. तुझा सोताचा हात पार गालापत्तुर आला हुता. आठाची हुतीस तू."

"मग सहा का लिहिलं, गुरुजी?" राजकन्येनं विचारलं.

गुरुजींनी सुनेला आत जायला सांगितलं. ती गेली नाही, तेव्हा तसंच बोलले.

"तुझा बाप म्हणला, पोरगीला चार-पाच वर्षं शिकवतो, मग उजवून टाकतो. दगडोबा कागदाला लई भ्यायचा. कागदावर अठरा नसताना लगीन लावलं तर पोलीस येतेत, हे त्याच्या डोस्क्यात पक्कं बसलेलं. म्हणून तुझी दोन वर्षं कमी लिव्हली. तेवढी दोन वर्षं तरी शाळेत टिकशील म्हणून. अशा लई पोरींच्या लिव्हल्या मी. तुझ्या भावाची तारीख तुझ्या आईनं दिवाळीची सांगितली, ती खरी लिव्हली. त्याला चार महिन्यांची सूट दिली. दोघांला एकच तारीख घातली असती तर जुळी म्हणून खपली असती. पण जुळी नव्हती, मग तसं कसं लिहू?"

हसावं की रडावं कळेना. एवढं मोठं खोटं लिहिणाऱ्या माणसाला जुळ्यांचं खोटं लिहवलं नव्हतं, आणि तिथंच घोडं अडलं होतं.

राजकन्या खाली बघत म्हणाली, की बारावीला असताना तिला एक स्थळ आलं होतं. लोह्याचं, जमीनजुमलावालं. आई हो म्हणत होती. वडलांनी दाखला काढून बघितला आणि पाहुण्यांना सांगितलं, कागदावर पोरगी अजून सतराची आहे, वर्षभर थांबा. पाहुणे थांबले नाहीत. तिला शिष्यवृत्ती मिळाली आणि ती नांदेडला शिकायला आली. ती गुरुजींच्या पाया पडली. तिला उठवताना म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते, माझेही.

गुरुजींनी स्वतःच्या हातानं लिहून दिलं. एक पान लिहायला त्यांना पाऊण तास लागला. पण अक्षर रजिस्टरमधल्यासारखंच, गोल आणि सुटं. काहीही लपवलं नाही. पोरीचं लग्न लवकर होऊ नये म्हणून मी जाणूनबुजून वय कमी लिहिलं, असं वाक्य त्यांनी घातलं आणि त्याखाली रेघ ओढली. मग लातुरातच वकील गाठून दोन्ही कागद नोटरी केले. पंचफुलाबाईंचं निवेदन आधीच अंगठ्यासह झालं होतं. रविवारी बसून मी सगळ्याचं इंग्रजी भाषांतर केलं.

सोमवारी सकाळी कागद पाठवायचे होते. मी अप्पांना बाजूला घेतलं आणि म्हणाले, हे राजकन्येच्या घरून पाठवू. तिचा अर्ज आहे, तिनं पाठवला तर कुणाला काय कळणार? तुमच्या कागदाची प्रत संस्थेच्या फाइलला लागायची गरज नाही. अप्पांनी ऐकून घेतलं. मग जावक रजिस्टर उघडलं, तारीख टाकली आणि माझ्यासमोर लिहिलं: खुलासा, सोबत जोडपत्रे चार. एकेका जोडपत्राचा तपशील लिहिला. तिसऱ्या क्रमांकावर स्वतःचं नाव.

"संस्थेचा माणूस म्हणून लिहून दिलंय," ते म्हणाले. "चोरून धाडलं तर परत खोटंच झालं की."

दुपारी दोनला कागद गेले. त्यानंतरचे दिवस कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत. राजकन्या प्रयोगशाळेतून दर तासाला आमच्या दारात यायची, आमचे चेहरे बघून परत जायची. अप्पा तिकिटाचं आरक्षण धरून ठेवण्यासाठी रोज एजंटाच्या मिनतवाऱ्या करायचे.

आधी दुसरंच पत्र आलं. नवव्या दिवशी, आमच्याच प्रशासन विभागाकडून, अप्पांच्या नावे. जावक क्रमांक अमुकच्या जोडपत्रात आपण आपली जन्मतारीख चुकीची असल्याचं कबूल केलं आहे. याबाबत सात दिवसांत लेखी खुलासा करावा. तोवर निवृत्तिवेतनाचा प्रस्ताव स्थगित. मी ते वाचून प्रशासन अधिकाऱ्यांच्या केबिनमध्ये घुसले आणि तुमची स्वतःची तारीख काय आहे हो, असं विचारून आले. त्यांचीही एक जूनच होती. ते म्हणाले, मी लिहून दिलेलं नाही ना. 

अप्पांनी खुलासा एका ओळीत केला. जोडपत्रातील मजकूर खरा आहे. जावक नंबर टाकला आणि पाठवून दिला.

व्हिसा एकोणिसाव्या दिवशी आला. राजकन्येनं मोबाइल अप्पांच्या हातात दिला. त्यांनी नाव, पासपोर्टचा नंबर, तारखा एकेक करून तपासल्या, आणि मगच म्हणाले, हाव, बराबर हाय. नंतर ते पाणी प्यायला म्हणून बाहेर गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ती हैदराबादहून उडाली. बोर्डिंग पास फेकायचा नाही, प्रत्येक पावती पाकिटात ठेवायची, हे अप्पांनी तिला एसटी सुटेपर्यंत सांगितलं.

एकतीस मेला आमच्या संस्थेतून सहा जण निवृत्त झाले. पाच जणांच्या हातात पेन्शनचा आदेश होता. अप्पांच्या हातात नुसता नारळ. भाषणात साहेबांनी त्यांना नियमांचा पक्का माणूस म्हटलं, तेव्हा मी टाळी वाजवली नाही. जून गेला, जुलै सरत आला. अप्पा दर बुधवारी देगलूरहून यायचे, प्रशासनाच्या दारात चौकशी करायचे, विचाराधीन आहे असं ऐकायचे आणि माझ्यासमोरच्या लाकडी बाकावर येऊन बसायचे. ज्या टेबलामागं बावीस वर्षं बसले त्याच्या पुढं. मला ते बघवत नसे.

जुलैतल्या शेवटच्या बुधवारी, आदल्याच दिवशी नागपंचमी झाली होती. मी घरून पुरणाची उकडलेली दिंडं आणली होती, एक अप्पांना दिलं. ते हातात धरून बसले. म्हणाले, माझी अव्वा, म्हणजे आई, पंचमीचं एक दिंड दुसऱ्या दिवसासाठी झाकून ठेवायची. सगळ्या पोरांत मलाच. ती गेल्यापासून तेही बंद झालं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. राजकन्या होती. म्हणाली, अप्पा फोन उचलत नाहीत, आज बुधवार, तुमच्याकडं असतील ना? मी फोनचा आवाज मोठा केला आणि त्यांच्यापुढं धरला.

"अप्पा, इथं अजून पंचमीच आहे," ती म्हणाली. "पण तुमच्याकडं दुसरा दिवस उजाडलाय ना? तुमचा कागद माझ्याच हातानं लिहिलाय, अप्पा. आज साठ पूर्ण झाली तुम्हाला. वाढदिवसाच्या शुभेच्छा."

अप्पांनी फोन घेतला नाही. दिंड मांडीवर ठेवलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. पलीकडून ती अप्पा, अप्पा म्हणत होती. मी तिला सांगितलं की ते ऐकतायत, तू बोलत राहा. मग ती तिथल्या हरभऱ्याच्या रोपांबद्दल बोलत राहिली, आणि साठ वर्षांचा तो माणूस बाकावर बसून ऐकत राहिला.